सात काठ्या आणि एक विद्यानिधी
(गोल्फपटू चार्ल्स एव्हान्स ह्यांचे अल्पचरित्र)

साधनांची विपुलता असणे आणि त्यांतून योग्य तेवढीच निवडता येणे, ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. आपल्या मांडव्याच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांचेच उदाहरण घ्या. घरी डोल असते, पाग असतो, गळही असतात. परंतु घरातील सगळी जाळी होडीत भरून कोणी समुद्रावर निघत नाही. ऋतू कोणता, भरतीची वेळ कोणती, कोणत्या मासळीच्या मागे जावयाचे, हे पाहून त्या दिवशीचे जाळे निवडले जाते. निवडण्याची ही बुद्धी सरावाने येते. आणि ज्यास ती आली त्याचे ओझे हलके होऊन हात अधिक नेमका होतो. हाच गुण अंगी बाणवून एका खेळात अजिंक्य ठरलेल्या, आणि पुढे त्या खेळाची मिळकत गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणास लावणाऱ्या, एका अमेरिकन गृहस्थाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांसमोर व त्यांच्या पालकांसमोर ठेवण्याचे योजिले आहे. त्यांचे नाव चार्ल्स एव्हान्स. लोक त्यांना लाडाने चिक एव्हान्स म्हणत.

प्रथम त्या खेळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. आपल्या देशात कलकत्त्यास त्याची संस्था 1829 सालीच स्थापन झाली. आणि मांडव्याहून खाडीपलीकडे दिसणाऱ्या मुंबईत, चेंबूर येथे, 1927 पासून त्याचे एक विस्तीर्ण मैदान आहे. सुमारे 46 ग्रॅम वजनाचा लहानसा कठीण चेंडू काठीने मारीत मारीत दूरच्या एका खळीत घालावयाचा. खळीची रुंदी अवघी 108 मिलिमीटर. अशा अठरा खळ्या ओळीने पुऱ्या करावयाच्या, आणि ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. ह्या काठीला इंग्रजीत क्लब म्हणतात. परंतु आपल्याकडे त्या शब्दाने मंडळाचाही बोध होत असल्यामुळे येथे तिला काठीच म्हणू.

काठ्या अनेक प्रकारच्या असतात, ह्याचे कारण उघड आहे. चेंडू कधी सपाट हिरवळीवर असतो, कधी उंच गवतात रुततो, कधी वाळूच्या खड्ड्यात पडतो. खळी कधी चारशे यार्डांवर, तर कधी चार हातांवर. लाकडी डोक्याच्या काठीने चेंडू फार दूर जातो. लोखंडी पात्याच्या काठ्यांत पाते जितके अधिक तिरपे, तितका चेंडू उंच उडतो आणि जवळ पडतो. म्हणून प्रत्येक प्रसंगास निराळी काठी असावी, असे कोणासही वाटणे साहजिक आहे. एव्हान्स ह्यांस मात्र तसे वाटले नाही.

चार्ल्स एव्हान्स ह्यांचा जन्म 18 जुलै 1890 रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी झाला. त्यांचे वडील ग्रंथपाल होते. अमेरिकेत 1639 पासून छापल्या गेलेल्या ग्रंथांची समग्र सूची तयार करण्याचे प्रचंड कार्य त्यांनी जवळजवळ एकट्याने अंगावर घेतले होते, आणि 1903 ते 1934 ह्या काळात तिचे बारा खंड प्रसिद्ध केले. विद्वानांत त्यांची कीर्ती झाली. परंतु अशा कार्याने घरात पैसा येत नसतो. चार्ल्स तीन वर्षांचे असताना हे कुटुंब शिकागो शहरी येऊन राहिले. घराजवळच एजवॉटर नावाचे गोल्फचे मैदान होते. आठव्या वर्षापासून चार्ल्स तेथे कॅडीचे काम करू लागले. खेळणाऱ्या गृहस्थांची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागून चालावयाचे, चेंडू कोठे पडला हे ध्यानात ठेवावयाचे, मागतील ती काठी हाती द्यावयाची, हे कॅडीचे काम. असे काम करणारी मुले बहुधा गरीब घरची असत.

हे काम हलके खरे. परंतु पाहणाऱ्याला ते पाठशाळेसारखे होते. कोणता गृहस्थ कोणत्या प्रसंगी कोणती काठी मागतो, तिने काय साधते, आणि पिशवीतील कोणत्या काठ्या दिवसभरात बाहेरही निघत नाहीत, हे पिशवी वाहणाऱ्या मुलाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? ज्याने दुसऱ्याचे ओझे वाहिले आहे, त्यास निरुपयोगी वस्तूचे वजन लवकर कळते.

पुढे ते स्वतः खेळू लागले आणि लौकरच नावारूपास आले. 1910 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी वेस्टर्न ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. तीत धंदेवाईक खेळाडूही उतरत असत, आणि एव्हान्स हे हौशी होते. सबब ह्या विजयाची फार वाहवा झाली. तथापि राष्ट्रीय विजेतेपद त्यांना वारंवार हुलकावणी देत राहिले. 1912 च्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि तेथे जेरोम ट्रॅव्हर्स ह्यांच्याकडून हरले. 1914 च्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत वॉल्टर हेगन ह्यांना 290 टोले लागले, एव्हान्स ह्यांना 291. एका टोल्याने यश गेले! दूरचे टोले त्यांचे अप्रतिम असत. परंतु खळीजवळ आल्यावर चेंडू हलकेच आत ढकलण्याच्या कामी त्यांचा हात कच्चा होता, आणि ही उणीव त्यांना पुष्कळदा भोवली.

अशा अपयशानंतर सामान्य मनुष्य नवी नवी साधने गोळा करू लागतो. परीक्षेत मागे पडलेला विद्यार्थी जसा आणखी दोन मार्गदर्शिका विकत घेतो, तसेच हे. एव्हान्स ह्यांनी असला मार्ग धरला नाही. जून 1916 मध्ये मिनियापोलिस शहरी मिनिकाहडा मैदानावर राष्ट्रीय खुल्या स्पर्धेसाठी ते उतरले, तेव्हा त्यांच्या पिशवीत केवळ सात काठ्या होत्या.

त्या सात कोणत्या, हे जाणण्याजोगे आहे. पहिली ब्रॅसी, लाकडी डोक्याची, तळाला पितळेची पट्टी असलेली, दूरच्या टोल्याची. दुसरी स्पून, तीही लाकडीच, परंतु चेंडू किंचित उंच उडविणारी. तिसरी मिड-आयर्न, मध्यम अंतरासाठी. चौथी जिगर, अरुंद पात्याची, चेंडू खालून सरपटत नेणारी. पाचवी लॉफ्टर, चेंडू उंच चढवून अलगद उतरविणारी. सहावी निब्लिक, वाळूतून व दाट गवतातून चेंडू काढणारी. सातवी पटर, खळीजवळची. सर्वांचे दांडे हिकरी नावाच्या चिवट लाकडाचे होते. ह्या यादीत एक उणीव चटकन नजरेस भरते. सर्वांत लांब टोल्याची ड्रायव्हर नावाची काठी, जी नसेल तर पिशवी अपुरी असे बहुतेकांना वाटेल, तीच तीत नव्हती! तिचे काम ब्रॅसीकडून करून घेता येते, आणि ब्रॅसीने जमिनीवर पडलेला चेंडूही दूर मारता येतो. मग दोन कशास?

थोड्या काठ्या घेऊन खेळणे वाटते तितके सोपे नाही. पिशवीत वीस काठ्या असल्या, म्हणजे अंतर पाहून त्याजोगी काठी काढली की काम भागते. सातच असल्या, तर दोन काठ्यांच्या मधले अंतर हाताने भरून काढावे लागते. त्याच काठीने कधी पूर्ण, कधी अर्धा, कधी पाव जोराचा टोला मारावा लागतो. ह्यास प्रत्येक काठीची पूर्ण ओळख हवी, आणि ती ओळख वर्षानुवर्षांच्या मेहनतीवाचून होत नाही. म्हणजे एव्हान्स ह्यांनी खांद्यावरचे ओझे कमी केले खरे, पण सरावाचे ओझे वाढविले.

29 व 30 जून ह्या दोन दिवसांत, रोज दोन ह्याप्रमाणे, चार फेऱ्या झाल्या. त्यांना अनुक्रमे 70, 69, 74 व 73 असे टोले लागले. शेवटच्या फेरीत जॉक हचिसन हे पाठलाग करीत अगदी जवळ आले होते. एका लांब खळीच्या वाटेत पाण्याचा ओहोळ आडवा होता. ओहोळाच्या अलीकडे थांबणे सुरक्षित. पलीकडे मारणे धाडसाचे. एव्हान्स ह्यांनी आपली ब्रॅसीच पुन्हा हाती घेतली आणि चेंडू पाण्यापलीकडे नेला. एकूण टोले 286 झाले. हचिसन 288 वर राहिले. ह्या स्पर्धेतील पूर्वीचा उच्चांक 290 होता. नवा उच्चांक पुढे वीस वर्षे, 1936 पर्यंत, कोणास मोडता आला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात मेरियन येथे राष्ट्रीय हौशी स्पर्धाही त्यांनी जिंकली. एकाच वर्षात ही दोन्ही पदे मिळविणारे ते पहिले खेळाडू. ह्यानंतर हा मान 1930 साली बॉबी जोन्स ह्यांना मिळाला.

आता त्यांच्या आयुष्यातील खऱ्या कसोटीकडे वळू. एव्हान्स ह्यांनी नॉर्थवेस्टर्न विश्वविद्यालयात प्रवेश घेतला होता, परंतु द्रव्याभावी त्यांना एका वर्षानंतरच शिक्षण सोडावे लागले होते. दुहेरी विजयानंतर त्यांच्याकडे द्रव्य आपण होऊन चालत आले. गोल्फ कसा खेळावा हे सांगणाऱ्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या आवाजात निघाल्या, आणि त्यांचे मानधन त्यांना मिळावयाचे होते. परंतु त्या काळचे नियम कडक होते. खेळापासून पैसा घेतला की खेळाडू धंदेवाईक ठरे, आणि हौशी स्पर्धांची दारे त्याला बंद होत. 1913 चे खुले विजेते फ्रान्सिस विमेट ह्यांचा केवळ खेळाच्या सामानाच्या व्यापाराशी संबंध आला, एवढ्यावरून 1916 साली त्यांचे हौशीपण काढून घेण्यात आले होते. तेव्हा एव्हान्स ह्यांच्यापुढे पेच पडला. पैसा घ्यावा तर प्रिय खेळातील स्थान जाते. नाकारावा तर हाती आलेली लक्ष्मी परत जाते, आणि तीही अशा मनुष्याची, ज्याचे शिक्षण पैशावाचून अडले होते.

हा पेच त्यांच्या मातोश्रींच्या सल्ल्याने सुटला. हा पैसा चार्ल्स ह्यांनी स्वतःसाठी न घेता वेगळा ठेवावा, आणि त्यातून कॅडीचे काम करणाऱ्या होतकरू मुलांस विश्वविद्यालयात पाठवावे, असे ठरले. आपल्या मुलास जे मिळाले नाही ते इतरांच्या मुलांस मिळावे, ही त्या माउलीची इच्छा होती. पुढे वेस्टर्न गोल्फ असोसिएशन ह्या संस्थेने निधीची व्यवस्था पत्करली, आणि 1930 साली पहिले दोन विद्यार्थी नॉर्थवेस्टर्न विश्वविद्यालयात दाखल झाले. ज्या विद्यालयातून एव्हान्स ह्यांस बाहेर पडावे लागले होते, त्याच विद्यालयात! विद्यार्थ्याची निवड करताना त्याने कॅडीचे काम इमानाने केले आहे की नाही, अभ्यासात तो कसा आहे, घरची स्थिती कशी आहे, आणि शील कसे आहे, हे पाहिले जाते. हा निधी आजही चालू असून बारा हजारांहून अधिक तरुण-तरुणी त्याच्या साहाय्याने पदवीधर झाल्या आहेत.

एव्हान्स ह्यांनी 1920 साली पुन्हा राष्ट्रीय हौशी पद मिळविले. अंतिम सामन्यात त्यांनी हरविले ते ह्याच विमेट ह्यांस, कारण त्यांचे हौशीपण मधल्या काळात परत देण्यात आले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेड क्रॉसच्या मदतीसाठी एव्हान्स गावोगावी प्रदर्शनीय सामने खेळले. उपजीविकेसाठी त्यांनी साधी नोकरी केली. पुष्कळ वर्षे ते दुग्धालयातर्फे दूध विकण्याचे काम करीत. राष्ट्रीय हौशी स्पर्धेत ते एकंदर पन्नास वेळा उतरले. शेवटचे 1962 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी! 6 नोव्हेंबर 1979 रोजी, एकोणनव्वद वर्षांचे होऊन, त्यांनी देह ठेवला.

दरम्यान गोल्फच्या जगात उलटाच प्रकार झाला होता. 1924 साली अमेरिकेत पोलादी दांड्यांस मान्यता मिळाली, कारखान्यांतून काठ्यांचे संचच्या संच निघू लागले, आणि काही खेळाडू वीस-पंचवीस काठ्या पिशवीत घालून मैदानावर येऊ लागले. बिचाऱ्या कॅडी मुलांचे खांदे मोडण्याची वेळ आली. शिवाय कौशल्याचे काम काठीच करू लागली, अशी तक्रार होऊ लागली. अखेर अमेरिकेत 1938 पासून आणि ब्रिटनमध्ये 1939 पासून चौदांहून अधिक काठ्या बाळगू नयेत, असा नियम झाला. तो आजही पाळला जातो. जो संयम पुढे कायद्याने लादावा लागला, तो ह्या पुरुषाने दोन तपांपूर्वी, निम्म्या काठ्यांवर, स्वखुशीने पाळला होता.

विद्यार्थ्यांनी ह्या चरित्रापासून घेण्याजोगे पुष्कळ आहे. एक कोश, एक व्याकरण आणि स्वतः लिहिलेली टिपणे एवढ्यांची दाट ओळख असलेला विद्यार्थी, कपाटभर पुस्तकांच्या मालकास सहज मागे टाकील. पालकांनीही मुलाच्या पाठीवरील पिशवीत काय काय भरले आहे हे एकदा उघडून पाहावे, आणि त्यातील कशाचा उपयोग खरोखर होतो ह्याचा त्याच्याशी बसून विचार करावा. कामाच्या बाबतीत, कोणतेही इमानी काम हलके नसते. पिशव्या वाहणाऱ्या मुलानेच पुढे हजारो पिशव्या वाहणाऱ्यांना विद्येचे दार उघडून दिले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, हाती काय ठेवावे आणि काय दुसऱ्यास द्यावे, ही निवड ज्याला साधली, त्याचे नाव त्याच्या विजयांहूनही दीर्घकाळ टिकते.