खिडकीतून फेकलेली गोळी आणि डॉ. लुसी विल्स

शाळेतली ती निळी गोळी आठवतेय का? आठवड्यातून एकदा वर्गात वाटायचे. बाई समोर आहेत तोवर जिभेखाली दाबून धरायची आणि त्यांची पाठ वळली की खिडकीतून बाहेर. मळमळतं, शी काळी होते, तोंडाला कसंतरीच होतं... कारणं भरपूर होती. खरं सांगते, मीही फेकलीये. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी फेकली असणार.

त्या गोळीत दोन गोष्टी असतात, लोह आणि फोलिक ॲसिड. गरोदर बाईला आशाताई लाल गोळ्यांचा पत्ता देतात, त्यातही याच दोन गोष्टी. यातल्या फोलिक ॲसिडचा माग काढत गेलात तर गाडी थेट आपल्या मुंबईत, परळला जाऊन थांबते. जालन्याहून रात्रीच्या देवगिरीनं निघालात आणि दादरला उतरलात, की तिथून जवळच. तिथल्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक इंग्रज डॉक्टर आली होती. नाव लुसी विल्स. २०१९ मध्ये १० मे रोजी गूगलनं तिच्यावर डूडल केलं होतं. ते पाहून आपण स्क्रोल करून पुढे गेलो असू. आज जरा थांबूया.

लुसीचा जन्म १८८८ चा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्डचा. घर खाऊनपिऊन सुखी, शिकलेलं. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली. १९११ मध्ये परीक्षा पास झाली, पण डिग्री मिळाली नाही. का? तर ती मुलगी होती म्हणून! केंब्रिज तेव्हा मुलींना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी मात्र द्यायचं नाही. पुढची कितीतरी वर्षं हेच चालू होतं.

त्याच वर्षी वडील गेले. दोन वर्षांनी मोठी बहीण गेली. पुढं काय करायचं ते लुसीला सुचत नव्हतं. पंचविशीत आपल्यालाही असंच होतं ना? ती आधी सिलोनला गेली, मग मैत्रिणीसोबत दक्षिण आफ्रिकेला. तेवढ्यात १९१४ चं महायुद्ध पेटलं. केपटाऊनमध्ये तिनं स्वयंसेवक नर्स म्हणून काम केलं आणि तिथून परतली ती डॉक्टर व्हायचं ठरवूनच. १९१५ मध्ये लंडनच्या बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये तिनं नाव घातलं. आपल्या रखमाबाई राऊत जिथं शिकल्या होत्या, तेच हे कॉलेज. १९२० मध्ये लुसी डॉक्टर झाली. वय ३२. ‘आता उशीर झाला’ असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर हे वय लक्षात ठेवा.

डॉ. विल्स दवाखाना टाकून बसल्या नाहीत. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या गरोदरपणातल्या आजारांवर काम करू लागल्या. आणि १९२८ मध्ये त्यांना मुंबईत बोलावणं आलं.

त्या वर्षीची मुंबई डोळ्यांसमोर आणा. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं गिरणगावात दाटीवाटीनं राहत होती. त्याच वर्षी गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला होता. गिरणीत काम करणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी बाळंतपणात दगावत होत्या. शेवटच्या महिन्यांत चेहरा पांढराफटक पडायचा, पायऱ्या चढताना धाप लागायची. अंगात रक्तच कमी असेल तर बाळंतपणातला थोडा रक्तस्राव किंवा साधा संसर्गही जिवावर बेततो. त्यातून तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. सलाईन आणि रक्ताची बाटली आज जशी सहज मिळते तशी मिळत नव्हती. माता का मरतात याची चौकशी सुरू झाली होती. मार्गारेट बाल्फोर या डॉक्टरबाईंच्या पुढाकारानं डॉ. विल्स या कामावर आल्या.

त्यांनी रक्त मायक्रोस्कोपखाली पाहिलं. या बायकांच्या रक्तात लाल पेशी कमी होत्या, पण होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या, फुगलेल्या. नुसत्या लोहाच्या कमतरतेत पेशी उलट लहान होतात. म्हणजे इथं काहीतरी वेगळं होतं.

आता त्यांनी काय केलं ते बघा. त्या नुसत्या लॅबमध्ये बसल्या नाहीत. या बायका कशा राहतात, काय खातात, याची पाहणी केली. त्यांच्या शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून मेहता आणि तळपदे ही आपल्याकडची आडनावं दिसतात. ज्या बायकांनी आपलं रक्त तपासायला दिलं, त्यांची नावं मात्र कुठंच नाहीत. पाहणीतून दिसलं ते असं : ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळं, दूध जवळजवळ नव्हतं, त्यांना हा आजार जास्त. खात्यापित्या घरच्या बायकांत कमी. म्हणजे प्रश्न ताटात होता.

पण हे सिद्ध कसं करायचं? आधी उंदीर घेतले. त्यांना तसाच निकस आहार दिला, त्यांना ॲनिमिया झाला. यीस्ट दिलं की तो टळायचा. वाटलं, जमलं! पण मग कळलं की उंदरांना उवा झाल्या होत्या आणि त्यातून आलेल्या संसर्गानं निकालच गढूळ झाले होते. आपण असतो तर ‘चलता है’ म्हणून रिपोर्ट दिला असता कदाचित. डॉ. विल्स यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, यावेळी माकडांवर. त्यांना मुंबईतल्या गरीब बायकांसारखा आहार दिला. माकडं आजारी पडली आणि मार्माइटनं बरी झाली.

मार्माइट म्हणजे काय? बिअर बनवताना तळाला उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट, घट्ट अर्क. इंग्लंडमध्ये ब्रेडला लावून खातात. तेव्हा ॲनिमियाच्या एका प्रकारावर काळीज म्हणजे लिव्हर खाऊ घालायचा उपाय नुकताच सापडला होता. पण रोजचं काळीज गिरणीतल्या बाईला परवडणार कसं? आणि शाकाहारी घरातली बाई ते खाणार कशी? मार्माइट स्वस्त होतं आणि कुणालाही चालण्यासारखं होतं. ते दिल्यावर बायकांच्या रक्तात काही दिवसांतच नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निबंध छापून आला.

मार्माइटमध्ये नेमकं काय आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्या अनोळखी घटकाला ‘विल्स फॅक्टर’ असं नाव पडलं. १९४१ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालक वापरून तो घटक वेगळा काढला. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडलं फोलिक ॲसिड. १९४५ च्या सुमारास तो कारखान्यात तयार करता येऊ लागला आणि तो बनवणाऱ्या टीमचे प्रमुख होते आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. शरीरात नवी पेशी तयार व्हायला हा घटक लागतोच. तो नसला तर पेशी फुगते, पण तिच्या दोन होत नाहीत. पोटात बाळ वाढत असताना तर त्याची गरज आणखी वाढते. मुंबईतल्या त्या फुगलेल्या पेशींचं कोडं असं सुटलं.

डॉ. विल्स पुन्हा १९३७ मध्येही हाफकिनला आल्या. पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं साउथॅम्प्टन ते कराची पाच दिवस. दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बॉम्ब पडत असताना, गरोदर बायकांना सरसकट लोह द्यावं का, याचा अभ्यास त्या करत होत्या. म्हणजे तुमच्या गोळीतल्या दोन्ही गोष्टींना त्यांचा हात लागलाय. लग्न केलं नाही. कामावर सायकलनं जायच्या. निवृत्तीनंतर लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९१ मध्ये, आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. ज्या बायकांना आधी मणक्याचा किंवा मेंदूचा जन्मदोष असलेलं मूल झालं होतं, त्यांनी गरोदर राहण्याआधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर पुढच्या बाळातला तो धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. हे बघायला त्या नव्हत्या.

आता आपल्याकडे या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. गरोदर बायकांत शंभरातल्या ५२. औषध सापडलेलं आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. अंबड, घनसावंगी, मंठ्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा विचार करा. सहावा-सातवा महिना असतानाही कितीजणी कोयता घेऊन निघतात. तिथं फडात आशाताई येईलच असं नाही. आणि जिथं पत्ता घरापर्यंत येतो तिथं तो फडताळात पडून राहतो, कारण गोळी खाल्ली की मळमळतं आणि पोटातलं बाळ काळं होतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं. बाळ काळंबिळं होत नाही. शी काळी होते ती लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

म्हणून एक काम सांगते. घरात वहिनी, ताई, शेजारची काकू गरोदर असेल तर तिला विचारा, गोळ्या चालू आहेत का? मळमळत असेल तर बंद करण्याऐवजी आशाताईला किंवा डॉक्टरांना सांगायला लावा. गोळी जेवणानंतर घ्यायला द्या, सोबत लिंबू पिळलेलं पाणी चालेल. आणि लगेच वर चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. तासाभरानं द्या. मुलगे हो, हे तुम्हीही करू शकता, चहा तुम्हालाही करता येतो. आणि मुलींनो, शेवटचं हिमोग्लोबिन कधी तपासलंत? प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळतं. हे लिहिण्याआधी मी तपासून आले. माझं कमी निघालं. खिडकीतून फेकलेल्या त्या सगळ्या गोळ्या आठवल्या. आता रोज रात्री जेवणानंतर घेतेय.