मज्जातंतूंचा वेग मोजणारे हेल्महोल्ट्झ

धनजला घरी बसून मी मोबाइलवर एक साधा गेम खेळत होतो. स्क्रीन हिरवी झाली की लगेच टॅप करायचं, बस्स. दहा वेळा टॅप केलं आणि दहाही आकडे वेगळे! आधी वाटलं, फोनच हँग होतोय. मग आठवले हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ.

त्यांचा जन्म १८२१ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा. वडील शिक्षक, परिस्थिती बेताची. ओढ भौतिकशास्त्राची, पण पैसे नव्हते. म्हणून बर्लिनला सरकारी खर्चाने डॉक्टरकी शिकले आणि त्या बदल्यात लष्करात नोकरी केली. १८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्गला प्राध्यापक झाले.

मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजताच येणार नाही, असं त्यांचे गुरू योहानेस म्युलर मानायचे. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याचा मज्जातंतू घेतला. तंतूला विजेचा झटका दिला की त्याच क्षणी दुसरा प्रवाह सुरू व्हायचा आणि स्नायू आकसला की बंद. तो किती वेळ वाहिला, हे गॅल्व्हनोमीटर सांगायचा. एकदा झटका स्नायूजवळ, एकदा लांब. दोन वेळांतला फरक म्हणजे संदेशाचा प्रवास.

खरी गोची पुढेच होती. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा, आणि आकडे दर वेळी थोडे हलायचे. त्या गोंधळात फरक हरवला असता तर गुरूंचंच म्हणणं टिकलं असतं. म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. पत्नी ओल्गा नोंदी लिहून घ्यायच्या. सरासरीसोबत चूक किती असू शकते, याचंही गणित त्यांनी मांडलं. १८५० मध्ये उत्तर मिळालं: सेकंदाला साधारण २७ मीटर. माणसांवरच्या प्रयोगांत तर लक्ष जरा हललं की आकडे बदलायचे. माझ्या गेमसारखंच!

१८५१ मध्ये त्यांनी डोळ्याच्या आतलं पाहणारं ऑफ्थॅल्मोस्कोप जगासमोर आणलं. १८९४ मध्ये ते गेले.

मग मेंदूच्या पेशी बेभरवशाच्या का? १९९५ मध्ये मेनेन आणि सेजनोव्स्की यांनी उंदराच्या मेंदूतल्या पेशींना एकसारखा प्रवाह दिला, तेव्हा सिग्नलची वेळ हळूहळू विस्कळीत झाली. पण चढउतार असलेला तोच प्रवाह पुन्हा पुन्हा दिला, तर सिग्नल दर वेळी मिलिसेकंदाच्या आत त्याच जागी! म्हणजे पेशी वेळ पाळू शकते. इनपुट कसं आहे, त्यावर बरंच ठरतं.

आता तुम्हीही वीस वेळा टॅप करा. फक्त सर्वांत भारी स्कोअरचा स्क्रीनशॉट नको, सगळे वीस आकडे लिहा. हेल्महोल्ट्झ यांचं उत्तर तशाच वहीतून निघालं होतं.