चामखीळ खाणाऱ्या किड्याला नाव देणारा डॉक्टर

स्वीडनच्या खेड्यांत अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी हाताला चामखीळ आली, की शेतकरी गवतात एक किडा शोधत. तो तीन-चार सेंटिमीटर लांब, हिरवट रंगाचा, अंगावर गडद ठिपके असलेला आणि लांब मिशांचा नाकतोडा होता. त्याला चामखिळीवर धरलं की तो चावतो, तोंडातून तपकिरी द्रव सोडतो आणि चामखीळ जाते, असा समज होता. या किड्याला शास्त्रीय नाव दिलं ते एका डॉक्टरने, कार्ल लिनियस यांनी.

लिनियस यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या रोशुल्ट गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते, पण जीव बागेत रमलेला. तिकडच्या सामान्य घरांत तेव्हा कायमचं आडनाव नसे. विद्यापीठात जाताना वडिलांनी घराण्याच्या जमिनीवरच्या लिंडेन वृक्षावरून लिनियस हे आडनाव घेतलं. मुलगाही धर्मोपदेशक व्हावा, अशी घरची इच्छा. पण शाळेत त्याचं लक्ष झाडापानांत. तेव्हा त्याला शिकवणाऱ्या योहान रोथमन या डॉक्टरांनीच त्याला वैद्यकाकडे पाठवण्याचा सल्ला दिला. त्या काळी औषधं प्रामुख्याने वनस्पतींची, त्यामुळे झाडं ओळखणं हा डॉक्टरच्या शिक्षणाचाच भाग होता.

१७३५मध्ये नेदरलँड्समध्ये त्यांनी डॉक्टरची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता ठरावीक दिवसांनी उलटून येणारा ताप, म्हणजे आजचा मलेरिया. चिकणमातीच्या प्रदेशातल्या पाण्यातून मातीचे कण शरीरात जातात आणि त्यामुळे हा ताप येतो, असं त्यांनी मांडलं. ते चुकीचं होतं. मलेरियाचा परजीवी १८८०मध्ये सापडला आणि १८९७मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात दिसला. पुढे स्टॉकहोममध्ये लिनियस यांनी दवाखाना चालवला, गुप्तरोगांच्या रुग्णांवर उपचार केले, नौदलाचे डॉक्टर झाले आणि १७४१मध्ये उप्साला विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक झाले.

त्यांचं खरं काम मात्र नावांचं. तोवर एका झाडाचं किंवा किड्याचं नाव म्हणजे लॅटिनमधलं लांबलचक वर्णन असे, आणि ते लेखकागणिक बदले. लिनियस यांनी दोन शब्दांची पद्धत रूढ केली. पहिला शब्द आडनावासारखा, जवळच्या अनेक प्रजातींना समान. दुसरा त्या एकाच प्रजातीचा. १७५८च्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सुमारे ४,४०० प्राण्यांना अशी नावं मिळाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात आजही याच ग्रंथापासून धरतात.

आपला किडा याच आवृत्तीत आहे. त्याच्या नावातला दुसरा शब्द व्हेरुसिव्होरस, म्हणजे चामखीळ खाणारा. शेतकऱ्यांचा समज असा शास्त्राच्या वहीत कायमचा नोंदला गेला. लिनियस यांनी टोळ, रातकिडे, लांब मिशांचे नाकतोडे आणि प्रार्थनाकीटकसुद्धा ग्रिलस या एकाच नावाखाली ठेवले होते. पुढच्या अभ्यासकांनी ते वेगळे केले. या नाकतोड्यांच्या मिशा बऱ्याचदा शरीराहूनही लांब असतात, नर पुढचे पंख एकमेकांवर घासून गातात आणि त्यांचे कान पुढच्या पायांत असतात. त्यामुळे आज त्या किड्याचं पूर्ण नाव डेक्टिकस व्हेरुसिव्होरस. त्यापुढे कंसात लिनियस, १७५८ असं लिहितात. कंसाचा अर्थ, वर्णन त्यांचं. पहिला शब्द नंतर बदलला.

चामखिळीचं काय? ती विषाणूमुळे येते आणि अनेकदा काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत आपोआप जाते. किड्याला श्रेय मिळालं ते बहुधा यामुळेच. चामखीळ कुरतडली किंवा कापली, तर जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि ती पसरूही शकते. म्हणून असे प्रयोग करू नयेत.

नाव अचूक असलं, तरी त्यामागची समजूत अचूक असतेच असं नाही. लिनियस यांनी १७६३मध्ये रोगांचंही वर्गीकरण प्रसिद्ध केलं. पण ते लक्षणांवर उभं होतं, कारणं माहीत नव्हती, म्हणून टिकलं नाही. माणसांचे खंडांनुसार गट करून त्यांना स्वभाव चिकटवले, ती चूक तर पुढे फार महागात पडली.

तरीही नावाची गरज उरतेच. रोगाचं निदान झाल्याशिवाय उपचाराची दिशा सापडत नाही, तसं नाव नसलेल्या प्रजातीचं रक्षणही करता येत नाही. ब्रिटनमध्ये हा नाकतोडा आता मोजक्याच गवताळ जागी उरला आहे. तिथल्या १९८१च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळालं, ते याच नावाने.

१७७४मध्ये लिनियस यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या झटक्यांनी स्मृती हिरावली. शेवटी त्यांना स्वतःची पुस्तकं आवडत, पण ती आपली आहेत हे उमगत नसे; स्वतःचं नावही आठवत नसे, असं सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी ते गेले. हजारो नावांपुढे त्यांचं नाव मात्र आजही लिहिलं जातं.