विश्लेषण : पुढचे ब्रेक का किंचाळतात? डिस्क ब्रेकच्या जनकालाही छळणारा आवाज

पावसाळ्यात रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी सकाळी रोह्याहून कोलाडच्या दिशेने निघाली, की पहिल्या दोन-चार ब्रेकला पुढच्या चाकांतून कर्कश आवाज येतो. बहुतेक वेळा तो थोड्याच अंतरात थांबतो. तो थांबला नाही आणि पुढे नागोठण्याकडे जाताना सुकेळी खिंड लागली, की चालकाचे निम्मे लक्ष रस्त्यावर आणि निम्मे त्या आवाजावर राहते. हा आवाज डिस्क ब्रेकइतकाच जुना आहे. ज्या ब्रिटिश अभियंत्याने 1902 मध्ये मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, त्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनाही तो बंद करता आला नव्हता.

लँचेस्टर कोण होते?

त्यांचा जन्म 23 ऑक्टोबर 1868 रोजी लंडनमध्ये झाला. वडील वास्तुविशारद. साउदॅम्प्टन आणि लंडनमध्ये शिक्षण झाले, पण पदवी हाती न घेताच ते बाहेर पडले आणि बर्मिंगहॅममध्ये गॅसवर चालणारी इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात लागले. 1895-96 च्या सुमारास त्यांनी स्वतःची मोटार तयार केली. ब्रिटनमध्ये बनलेल्या अगदी सुरुवातीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांमध्ये तिची गणना होते. इतर कारखानदार तेव्हा घोडागाडीच्या सांगाड्याला इंजिन जोडत होते. लँचेस्टर यांनी गाडीचा प्रत्येक भाग नव्याने विचार करून काढला. 1899 मध्ये भावांना सोबत घेऊन कंपनी स्थापन झाली. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक. पुढे या गाड्या भारतीय संस्थानिकांच्याही आवडीच्या झाल्या. अलवरच्या महाराजांनी तर 1924 मध्ये राजेशाही बग्गीच्या घाटाची लँचेस्टर बनवून घेतली.

गाड्या उत्तम होत्या, भांडवल मात्र अपुरे होते. 1904 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि नव्या नावाने पुन्हा उभी राहिली. कारभार संचालकांच्या हाती गेला. तिथे लँचेस्टर यांचे मन रमले नाही आणि 1914 पर्यंत ते तिथून पूर्णपणे बाजूला झाले.

डिस्क ब्रेकचे काय झाले?

चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती दोन्ही बाजूंनी चिमट्यात पकडायची, ही त्यांची कल्पना. आजच्या गाडीतही तत्त्व हेच आहे. अडचण आली ती चिमट्याच्या अस्तराची. ते तांब्याचे होते. तांबे चकतीवर घासले की कानठळ्या बसवणारा आवाज होई आणि धुळीच्या रस्त्यांवर तांबे भराभर झिजे. कल्पना योग्य होती, पण तिला पेलणारा पदार्थच तेव्हा उपलब्ध नव्हता. परिणामी पुढची जवळपास 50 वर्षे मोटारींवर ड्रम ब्रेकचेच राज्य राहिले.

यातला विरोधाभास असा, की कंपन हाच लँचेस्टर यांचा हातखंडा विषय होता. इंजिनच्या क्रँकशाफ्टची थरथर शोषून घेणारा डँपर त्यांनी शोधला. चार सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा कमी करणारे, उलटसुलट फिरणारे दोन दांडेही त्यांचेच; 1970 च्या दशकात जपानच्या मित्सुबिशीने ते पुन्हा वापरात आणले. आणि ब्रेकचा आवाज म्हणजे दुसरे काय, तर कंपनच. पॅड चकतीवर सलग घसरत नाही. ते क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. हे सेकंदाला हजारो वेळा घडले, की चकती झांजेसारखी वाजू लागते.

मग आवाज कमी कसा झाला?

त्याचे श्रेय हर्बर्ट फ्रूड या दुसऱ्या इंग्रजाकडे जाते. आडनावाच्या अक्षरांत पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर मिसळून त्यांनी ‘फेरोडो’ हे नाव तयार केले. घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोमुळे मुंबईकरांनाही ते परिचित झाले. फ्रूड यांनी आधी राळेत भिजवलेले सुती अस्तर आणि नंतर अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर बाजारात आणले. ब्रेक शांत झाले आणि उष्णतेलाही टिकू लागले. मात्र अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन जीवघेणे आजार होतात, हे पूर्णपणे ध्यानात येईपर्यंत अनेक दशके गेली. म्हणून आजही ब्रेकवरची काळी धूळ फुंकू नये, हवेच्या प्रेशरने उडवू नये. ब्रेक क्लीनर फवारून किंवा ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या किंवा बनावट पॅडमध्ये नेमके काय आहे, ते खोक्यावरून कळतेच असे नाही.

घरी काय करता येते?

सकाळचा आवाज चकतीवर रात्रीत चढलेल्या गंजाच्या पातळ थराचा असतो. त्याला काहीच करावे लागत नाही. दिवसभर टिकणारा आवाज मात्र तपासावा. गाडी सपाट जागी लावून, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावावेत. पुढचे चाक काढण्याआधी जॅकसोबत स्टँड लावायलाच हवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. पॅडचे अस्तर तीन मिलिमीटरच्या आसपास उरले असेल, तर बहुतेक तो आवाज इशाऱ्याचाच असतो. अनेक पॅडना बसवलेली पत्र्याची छोटी जीभ अस्तर संपत आले की चकतीला घासते. अशा वेळी ग्रीस लावून आवाज दाबणे म्हणजे राखणदाराचेच तोंड बांधणे.

अस्तर पुरेसे असेल, तर कॅलिपरच्या स्लायडर पिना अडकल्यात का ते पाहावे. कोकणातल्या पावसात हा दोष नेहमीचाच. पिना साफ करून त्यांना त्यासाठीचेच खास ग्रीस लावावे. पॅडच्या पाठीमागच्या पत्र्यावर किंचित ग्रीस चालते. अस्तरावर आणि चकतीवर मात्र थेंबही नको. तिथे खोबरेल किंवा इंजिन ऑइल सोडणारे महाभाग आहेत, त्यांचा आवाज थांबतो आणि गाडी थांबत नाही. अस्तर काचेसारखे गुळगुळीत झाले असेल, तर पॉलिश पेपरने, तेही धूळ न उडवता, हलके घासता येते. पॅड बदलायचे तर दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम. बदलल्यावर पेडल घट्ट लागेपर्यंत जागेवरच दाबावे, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. पेडल मऊ लागत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा चकतीवर खोल चरे असतील, तर थेट गॅरेज गाठावे. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात. लँचेस्टर यांच्या काळात पुढच्या चाकांना सहसा ब्रेकच नसत.

लँचेस्टर यांचे पुढे काय झाले?

विमानाच्या पंखाला वर उचलणारे बल कसे तयार होते, यावर त्यांनी 1907 मध्ये ग्रंथ लिहिला. सैन्यबळाचे गणित मांडणारे ‘लँचेस्टरचे नियम’ आजही संरक्षण अभ्यासात शिकवले जातात. 1922 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पैसा मात्र कधीच टिकला नाही. शेवटची वर्षे पार्किन्सनच्या आजारात आणि आर्थिक ओढाताणीत गेली. 8 मार्च 1946 रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांचे निधन झाले.

सात वर्षांनी, 1953 मध्ये, ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली. 1955 मध्ये सिट्रोएनने ‘डीएस’ या गाडीच्या पुढच्या चाकांना ते बसवले आणि हळूहळू साध्या मोटारींपर्यंतही ते पोहोचले.