स्मृतिदिन विशेष : दुष्काळाचा फोटो अन् पुसलेला अंगठा

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा ११ ऑक्टोबर हा स्मृतिदिन. त्यांनी काढलेला एका शेतमजूर आईचा फोटो जगभर गाजला. पण दुःखाचा फोटो इतका देखणा असावा का, हा वादही त्याच फोटोला चिकटला.

लँग यांचा जन्म १८९५ चा, न्यू जर्सीतल्या होबोकेनचा. सातव्या वर्षी पोलिओ झाला अन् उजवा पाय कायमचा अधू झाला. बारा वर्षांच्या असताना वडील घर सोडून गेले. पुढं सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी स्टुडिओ टाकला. बड्या घरची माणसं फोटो काढून घ्यायला यायची. धंदा बरा चालला होता. मग महामंदी आली. खिडकीखालून बेकारांचे घोळके जाताना दिसू लागले, तशा त्या कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९३५ पासून सरकारी खात्यासाठी शेतमजुरांचे फोटो काढू लागल्या.

मार्च १९३६. कॅलिफोर्नियात निपोमो इथं वाटाण्याचं पीक गोठून गेलं होतं. तोडणीला आलेले मजूर बिनकामाचे, उपाशी पडून होते. घरी निघालेल्या लँग तळाची पाटी मागं टाकून सुमारे २० मैल पुढं गेल्या, पण मन राहवेना. गाडी वळवली. फाटक्या राहुटीत ३२ वर्षांची एक आई पोरांना घेऊन बसलेली. लँग यांनी तिचं नाव विचारलं नाही. मोजके फोटो काढून त्या निघाल्या. आधीच्या फोटोंत थोरली मुलगी दिसते, शेवटच्या फोटोत नाही. त्यात फक्त आई, मांडीवर तान्हं बाळ अन् पाठमोरी दोन लेकरं. पाहणाऱ्यांना मदर मेरीची चित्रं आठवली.

पेपरात फोटो आले अन् सरकारनं तळावर २० हजार पौंड, म्हणजे सुमारे ९ हजार किलो अन्न पाठवलं. मात्र तोवर ते कुटुंब पुढच्या गावी निघून गेलं होतं.

पुढं लँग यांना फोटोच्या कोपऱ्यात एक उणीव दिसली. राहुटीचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा कडेला आला होता. १९३९ च्या सुमारास त्यांनी तो निगेटिव्हवरून पुसून घेतला. खात्याच्या प्रमुखांना हे पटलं नाही. सरकारी नोंदीतलं खरं चित्र सजवायचं कशाला, हा त्यांचा आक्षेप होता.

लँग १९६५ मध्ये गेल्या. फोटो सरकारी मालकीचा, त्यामुळं त्यांना त्याची रॉयल्टी मिळाली नाही. त्या आईलाही पैसा मिळाला नाही. १९७८ मध्ये तिनं फोटोबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली.

१९८३ मध्ये ती आजारी पडली. मुलांनी मदतीची हाक दिली, तेव्हा लोकांनी २५ हजार डॉलरहून जास्त रक्कम पाठवली. कित्येकांनी पत्रात त्या फोटोचीच आठवण काढली होती. त्याच वर्षी ती वारली.

फोटोची निगेटिव्ह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. नीट पाहिलं तर पुसलेल्या अंगठ्याची पुसट खूण अजून दिसते.