एक्स्प्लेनर : दात-जबड्याच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडणारे डॉ. अँगल कोण होते?

ब्रेसेस लावण्यापूर्वी नवी मुंबईतील दंतचिकित्सकही ‘क्लास वन, टू, थ्री’ पाहतात. ही वर्गवारी डॉ. एडवर्ड अँगल यांची.

अमेरिकेत १८५५मध्ये जन्मलेल्या अँगल यांनी १८९९मध्ये वरच्या-खालच्या पहिल्या दाढांच्या मेळावरून तीन वर्ग पाडले. मेळ योग्य, पण दात वाकडे, तर पहिला. खालची दाढ मागे असेल तर दुसरा, पुढे असेल तर तिसरा. आयताकृती खाचेचे ब्रॅकेटही त्यांचेच.

जागा करण्यासाठी दात काढण्यास मात्र त्यांचा ठाम विरोध होता. १९३०मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी गरजेनुसार दात काढून उपचार केले. वर्गवारी टिकली, तो हट्ट मागे पडला. आज दात काढायचे की नाही, हे रुग्णाचा जबडा तपासूनच ठरते.