मुखपृष्ठावर नाव नसलेला गोष्टीवेल्हाळ

ॲनिमे बघत असाल तर कप्पा तुम्हाला माहीत असेलच. नदीत राहणारा, डोक्यावर पाण्याची वाटी असलेला तोच तो. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गावांपैकी एक म्हणजे जपानच्या ईशान्येचं तोनो. तिथलं देन्शोएन हे ग्रामीण जीवनाचं संग्रहालय अजिबात चुकवू नका. काटकोनात बांधलेलं जुनं शेतकऱ्याचं घर आहे, एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला घोडे, छप्पर एकच. जवळच्या खोलीत कापडाचे अंगरखे घातलेल्या सुमारे हजार लाकडी बाहुल्या उभ्या आहेत. एका मुलीचं म्हणे घोड्यावर प्रेम बसलं. बापाने चिडून घोडा तुतीच्या झाडाला टांगून मारला, तर मुलगी त्याच्यासोबत आभाळात निघून गेली. त्या ओशिरासामा देवतेच्या या बाहुल्या. लोक इच्छा लिहिलेलं कापड त्यांना नेसवतात.

पण याच आवारात एक छोटं दालन आहे, सासाकी किझेनचं. तिथे थांबा.

किझेन 1886 साली इथलाच, तोनोजवळच्या खेड्यातला. अशा गोष्टी ऐकतच वाढला. डॉक्टरकी शिकायला घातलं, ते सोडून लेखक व्हायला टोकियोला गेला. (ओळखीचं वाटतंय ना?) 1908 मध्ये तिथे त्याची गाठ यानागिता कुनिओ या सरकारी अधिकाऱ्याशी पडली. किझेन गावाकडच्या गोष्टी सांगत गेला, यानागिता लिहीत गेला. 1910 मध्ये 'तोनो मोनोगातारी' छापलं: 119 नोंदी, प्रती फक्त 350. त्या पुस्तकाने जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पाया घातला आणि यानागिता त्या शास्त्राचा जनक ठरला. प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच त्याने किझेनचं श्रेय दिलंय, हे खरं. पण मुखपृष्ठावर कुणाचं नाव होतं, ते वेगळं सांगायला नको. मला तरी हे खटकतं. सांगणाऱ्याशिवाय लिहिणाऱ्याच्या हाती काय होतं?

किझेन आजारपणामुळे गावी परतला. 1925 मध्ये गावचा प्रमुख झाला, कर्जात बुडाला, चार वर्षांनी घर सोडून सेंदाईला गेला. गोष्टी जमवणं मात्र सुटलं नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून त्याने शेकडो कथा उतरवून घेतल्या, म्हणूनच पुढे त्याला जपानचा ग्रिम म्हणायला लागले. 1931 मध्ये त्याचा 'किकिमिमी झोशी' हा संग्रह आला. त्यावर नाव त्याचंच होतं.

1933 च्या सप्टेंबरात त्याचा कविमित्र मियाझावा केंजी गेला. आठ दिवसांनी किझेनही. वय फक्त 46.